शून्य मिनिटांचा थांबा

गेल्या फेब्रुवारीत आम्ही पाच जण अष्टविनायकाला गेलो. गाडी आत्तेभावाची, चालवणारा तोच. बाबांकडे पैशांचा हिशोब, आईकडे खाण्याच्या पिशव्या, आणि घरात सगळ्यात लहान म्हणून माझ्याकडे रस्ता. म्हणजे फोन.

आदल्या रात्री आजीने क्रम सांगितला. तिला तो पाठ आहे: मोरगाव, सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव, आणि शेवटी पुन्हा मोरगाव. पुन्हा मोरगावला गेल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, हे तिने दोनदा सांगितलं. मी एकेक नाव नकाशात टाकत गेले. आमच्या फोनवर सुरुवातीचं ठिकाण सोडून नऊ थांबे टाकता येतात. आजीचे बरोबर नऊ झाले. घरी परत यायला जागा उरली नाही.

मग निळी रेघ उमटली. लहान मुलाच्या हातात खडू दिल्यावर भिंतीवर जे होतं, तसं काहीतरी. पुण्याहून मोरगाव, तिथून पूर्वेला भीमेकाठचं सिद्धटेक, तिथून उलटं फिरून पुणे ओलांडून, घाट उतरून कोकणात पाली. मग महड करून परत घाट चढून थेऊर, जे पुण्याच्या पूर्वेला पंचवीसेक किलोमीटरवर आहे. सिद्धटेकहून येताना आम्ही थेऊर फाट्यावरूनच जाणार होतो, पण वळायचं नव्हतं. एकूण आकडा आठशे किलोमीटरच्या आसपास.

"झिगझॅग आहे सगळं," दादा म्हणाला. "सॉर्ट कर ना. बटण असेल कुठेतरी."

हा लेख त्या बटणाबद्दल आहे. ते नव्हतं.

आपल्यातल्या बहुतेकांना वाटतं की नकाशात पाच ठिकाणं टाकली की फोन ती सोयीने लावून देतो. आमच्या फोनवरचा नकाशा तसं करत नाही. तुम्ही ज्या क्रमाने टाकाल त्याच क्रमाने तो रेघ ओढतो. क्रम बदलायचा तर बोटाने ओढून एकेक नाव वरखाली करायचं. दोन ठिकाणांमधला रस्ता शोधण्यात तो पटाईत आहे. ते कोडं जुनं, आणि मनाने त्यातल्या त्यात सोपं. एड्सगर डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञाने १९५६मध्ये होणाऱ्या बायकोबरोबर खरेदीला गेलेला असताना, ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत बसून, कागद-पेन्सिल न घेता वीस मिनिटांत त्याची रीत शोधली. आजचे नकाशे त्या रीतीच्या पुढच्या पिढ्यांवर चालतात. पण ठिकाणं कोणत्या क्रमाने घ्यायची हे कोडं वेगळ्या जातीचं आहे. मोरगाव पहिलं आणि शेवटचं ठेवलं, तरी उरलेली सात ठिकाणं ५०४० प्रकारे लावता येतात. उलट-सुलट एकच मानलं तर २५२०. एवढं यंत्राला किरकोळ. पण २० थांबे झाले की प्रकारांचा आकडा १९ अंकी होतो. म्हणून १९५४मध्ये डँट्झिग, फुलकर्सन आणि जॉन्सन या तिघांनी अमेरिकेतल्या ४९ शहरांचा सर्वांत छोटा फेरा हाताने सिद्ध करून दाखवला, तेव्हा ती मोठी गोष्ट होती.

आणि उपग्रहांचं म्हणाल, तर त्यांना यातलं काहीच माहीत नसतं. ते फक्त आपली वेळ आणि आपली जागा सतत सांगत असतात. निदान चार उपग्रहांचं ऐकून आपला फोन स्वतःच ठरवतो की तो कुठे आहे. वरून कोणी बघत नसतं. वरून नुसतं घड्याळ वाजत असतं. कुठे जायचं, आधी काय, नंतर काय, हे सगळं खालचं.

तर त्या रात्री क्रम लावायचं काम माझ्यावर आलं. मी साहित्याची विद्यार्थिनी. क्रम लावणं म्हणजे संपादन, एवढं मला कळतं. कवितासंग्रहात कोणती कविता आधी येते यावर वाद घालणारे लोक मी पाहिलेत. म्हणून मी नकाशाकडे एखाद्या संपादकाकडे बघावं तसं बघायला लागले: हा कशाला महत्त्व देतो, काय गाळतो, आणि गाळलं हे सांगतो का?

माझ्यासमोर तीन संहिता होत्या. पहिली आजीची, परंपरेतली. दुसरी तुम्हालाही पाठ असेल: १९७९च्या 'अष्टविनायक' सिनेमातलं आठ गणपतींचं गाणं. राजदत्त यांचा हा सिनेमा आला आणि मग गावोगावच्या बसगाड्या या वाटेला लागल्या. आजीही अशाच एका बसने गेली होती, तेव्हा सिद्धटेकला नावेतून भीमा ओलांडली होती. आता पूल आहे. गाणं आपण इतक्यांदा ऐकलंय, पण त्यातला क्रम कधी नकाशावर ठेवून पाहिलाय? मी पाहिला. मोरगाव, थेऊर, सिद्धटेक, रांजणगाव, ओझर, लेण्याद्री, महड, पाली. आजीच्या क्रमाशी तो जुळत नाही. पण टाकल्यावर रेघ एकदम शहाण्यासारखी वागली. पूर्वेकडचे आधी, मग उत्तरेला जुन्नरकडचे दोन लागून, मग पश्चिमेला घाट उतरून शेवटचे दोन. आकडा साडेसहाशे-सातशेच्या मध्ये.

म्हणजे गाणं हे आधीच एक मार्गनियोजन आहे. मी तर म्हणेन, चांगलं आहे. त्यात एक गंमत सापडली. कोणतंही यंत्र या यादीतली पहिली दोन नावं उलटी करेल. पुण्याहून निघालात तर थेऊर वाटेवर, मग मोरगाव, मग सिद्धटेक. गाण्याच्या क्रमात मोरगावला जाऊन थेऊरला मागे यायचं आणि परत पूर्वेला जायचं, पन्नासेक किलोमीटर फुकट. गाण्याने हे का केलं असेल? कारण पहिला मान मोरगावचा. बाकी सगळीकडे रस्त्याचं ऐकलं, एका ठिकाणी ऐकलं नाही. गीतकाराने हा हिशोब कागदावर केला असेल असं मला वाटत नाही. पण परिणाम तोच आहे. रस्ता आणि अर्थ यांच्यात तडजोड झालीय, आणि ती कुठे झालीय ते बोट ठेवून दाखवता येतं. पन्नास किलोमीटर ही त्या मानाची किंमत. लिहून ठेवलेली.

तिसरी संहिता माझी. म्हणजे यंत्राची. वेगळ्या एका संकेतस्थळावर आठ ठिकाणं टाकली, तिथे क्रम लावून मिळतो. थेऊर पहिलं आलं. पन्नास किलोमीटर वाचले. मोरगाव दुसऱ्या नंबरवर, कसलाही उल्लेख न करता. वाचलेलं तेवढं ठळक अक्षरात.

मला यंत्राचा राग नाही. आजीचा क्रमही फार थोडे लोक पाळत असतील. पूर्वीही सगळ्यांना जमत नसेल. जुनं ते सोनं असं मला म्हणायचं नाही. माझी तक्रार संपादकाबद्दल असते तशी आहे: तुम्ही एक वाचन केलंत, आणि ते वाचन नसून वस्तुस्थिती आहे असं भासवलंत. मिनिटं हा एक निकष. तो वाईट नाही. पण 'उत्तम मार्ग' असं लिहिल्यावर 'कशासाठी उत्तम' हे लिहायला नको?

आता मिनिटांकडेच येऊ, कारण तिथे खरी गफलत आहे.

गाण्याच्या क्रमाने फोनने सांगितलं, एकूण साधारण साडेसोळा तास. बाबांनी लगेच भागाकार केला: दोन दिवस, रोज आठ तास, आरामात. मला रात्री उशिरा लक्षात आलं की त्या साडेसोळा तासांत एकाही ठिकाणी आम्ही गाडीतून उतरलेलोच नाही. आठ थांबे, आणि प्रत्येक थांब्याला शून्य मिनिटं. मोरगावला पोहोचलो की त्याच क्षणी निघालो. लेण्याद्रीला तीनशेच्या वर पायऱ्या आहेत, गणपती बौद्ध लेण्यांच्या रांगेतल्या एका गुहेत आहे. फोन खाली पार्किंगला 'पोहोचलात' म्हणतो आणि पुढचा रस्ता दाखवायला लागतो. आजीचे गुडघे, चपलांचं टोकन, रांग, प्रसाद, आईने काढलेले डबे. याला जागाच नाही.

असं नाही की यंत्रांना थांबणं शिकवता येत नाही. मालवाहतुकीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक थांब्याला लागणारा वेळ वेगळा धरतात, 'सर्व्हिस टाइम' म्हणून. पार्सल द्यायला इतकी मिनिटं, सही घ्यायला इतकी. अमुक ते अमुक वाजेपर्यंतच माल घेतात, तीही अट टाकता येते. म्हणजे पार्सलसाठी सोय झाली आहे. आमच्या खिशातल्या नकाशाने मात्र धरलंय की माणूस थांबतो तो पुढे जाण्यासाठीच.

याच्या अगदी उलट टोकाचा ग्रंथ मराठीत आहे. महानुभावांची 'स्थानपोथी'. चक्रधरस्वामी तेराव्या शतकात जिथे जिथे राहिले, बसले, जेवले, ती ठिकाणं त्यांच्या पंथातल्या लोकांनी हिंडून नोंदवून ठेवली. गावात देऊळ कुठल्या अंगाला, दार कुठल्या दिशेला, त्याच्यापासून दुसरी जागा कुठे. वि. भि. कोलते यांनी ती संपादित केली आहे. पहिल्यांदा चाळली तेव्हा मला ती कोरडी वाटली होती, परीक्षेपुरती. आता वाटतं, तो एक भलामोठा अनेक थांब्यांचा मार्गच आहे, फक्त त्यात थांबे सगळे आणि रस्ता जवळपास नाही. आमच्या फोनमध्ये रस्ता सगळा आणि थांबे टाचणीच्या टोकाएवढे. ॲन फेल्डहाउस यांचं 'कनेक्टेड प्लेसेस' नावाचं २००३चं पुस्तक आहे. ठिकाणं एकमेकांशी जोडली जाऊन माणसांच्या मनात प्रदेश कसा तयार होतो, हा त्याचा विषय. जोडणारी गोष्ट कधी नदी असते, कधी पालखी, कधी आकडा. आठ गणपती, म्हणून त्यांच्यामधला सगळा मुलूख एक. माझ्या निळ्या रेघेनेही ठिकाणं जोडली होती. पण ती रेघ उद्या रात्री पुसली जाणार होती.

एक चूक माझी. सातव्या थांब्याला मी इंग्रजीत नाव टाइप केलं, आणि रोमन लिपीत महड आणि महाड एकच. दोन्ही रायगड जिल्ह्यात. एक खोपोलीजवळचं, वरदविनायकाचं. दुसरं चवदार तळ्याचं, तिथून शंभरेक किलोमीटर दक्षिणेला. फोनने मोठं गाव उचललं, आणि मीही न बघता पुढे गेले. आकडा अचानक फुगला तेव्हा कळलं. एका काना-मात्रेचं अंतर किलोमीटरमध्ये मोजायला मिळालं ते असं. मराठीतून टाइप करा, एवढंच सांगेन.

आता नववा रकाना.

गाण्याच्या क्रमात आठ थांबे झाले. एक जागा उरली आणि तिच्यावर तीन दावेदार. आजीला तिथे पुन्हा मोरगाव हवं होतं. बाबांनी 'घर' म्हटलं, कारण शेवटी किती वाजतील ते त्यांना बघायचं होतं. आणि तिसरा दावा आजीचाच, पण तो तिने हळूच केला, भांडी आवरताना. "सासवडला दिव्याच्या घाटानं जाऊ. थांबायचं नाही. नुसतं जाता जाता दिसलं पाहिजे."

घाट चढून वर गेलं की तिचं माहेर. घर विकून वीस वर्षं झाली. तिथे कोणी नाही. उतरून बघण्यासारखंही काही नाही, असं तीच म्हणते.

'जाता जाता' हा शब्द यंत्राला कसा सांगायचा? हे मला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. माझा एक मित्र मोटारसायकलवर लांब लांब जातो. त्याच्या हँडलवर गार्मिनचं यंत्र असतं. त्यात थांबे दोन जातीचे. 'व्हाया पॉइंट' म्हणजे जिथे पोहोचलात की यंत्र सांगतं. आणि 'शेपिंग पॉइंट', जिथे ते काहीच बोलत नाही. तो बिंदू फक्त रस्त्याला आकार देतो: इकडून जा, एवढंच. पोहोचल्याची घोषणा नाही, थांबा नाही. संगणकावरच्या नकाशात रेघ माउसने धरून ओढली की असाच बिंदू तयार होतो. माझ्या फोनवर ती सोय नाही. तिथे प्रत्येक बिंदू हा थांबाच.

शेपिंग पॉइंट या कल्पनेवर मी जाम खूश झाले. आपल्या घरातल्या अर्ध्या गोष्टी अशाच असतात. ज्यांचं नाव कोणी घेत नाही, जिथे कोणी थांबत नाही, पण रस्ता त्यांच्यामुळे वळलेला असतो. बायकर लोकांनी हे सुंदर रस्ता हुकू नये म्हणून मागून घेतलं असेल. आजीने तेच मागितलं होतं.

'जाता जाता'चा खर्च किती, याचाही हिशोब कधीच झालाय, आणि तो आपल्याकडे. प्रशांतचंद्र महालनोबिस बंगालमधल्या तागाच्या पिकाची पाहणी करत होते. नमुन्याची शेतं इतस्ततः विखुरलेली, आणि पाहणी करणाऱ्यांना एकाकडून दुसरीकडे जायचं. १९४०च्या सुमारास त्यांनी मांडलं की तेवढ्याच मुलखात बिंदू वाढवले तर एकूण प्रवास त्या प्रमाणात वाढत नाही, साधारण वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. बिंदू चौपट, तर चाल दुप्पट. गर्दीच्या मुलखात आणखी एक थांबा हा आपल्याला वाटतो त्यापेक्षा स्वस्त पडतो. घरातली मोठी माणसं "वाटेवरच तर आहे" म्हणतात तेव्हा बऱ्याचदा गणित त्यांच्या बाजूचं असतं.

पण त्या रात्री मी नवव्या रकान्यात 'घर' टाकलं. बाबा शेजारी उभे होते. हो, मला माहितीये, दोन दिवसांचे दोन वेगळे मार्ग करता येतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शेवटी तेच केलं. रात्री साडेअकराला ते सुचलं नाही.

सकाळी सहाला निघालो. फोनने बोपदेव घाट दाखवला, सात मिनिटं कमी. दादा त्या बाजूला वळला. मी मागे बसून महडचा पत्ता तपासत होते. सासवड आलं तेव्हा आजी म्हणाली, "घाट आला नाही."

"आला की, आत्ता चढलो," दादा म्हणाला.

ती पुढे काही बोलली नाही. मोरगावला मयूरेश्वरासमोर सव्वा तास गेला, सिद्धटेकला दीड, रांजणगावला रात्री शेजारतीच्या सुमाराला पोहोचलो. लेण्याद्रीला ती खालीच बसली आणि आम्हाला वर पाठवलं. पालीहून परत येताना एक्सप्रेसवेला लागलो तेव्हा मला उगाच वाटलं की ती झोपली आहे. झोपली नव्हती. "मोरगाव राहिलं," म्हणाली. बाबा म्हणाले, "आई, नंतर बघू."

नंतर म्हणजे तीन आठवड्यांनी. मी, दादा आणि ती. एकच गाव, एकच थांबा, म्हणून यावेळी फोनवर जागाच जागा होती. मी आधी दिवे घाटात मधोमध एक थांबा टाकला, मग मोरगाव. हडपसरची गर्दी संपून चढ लागला. तिसऱ्या-चौथ्या वळणावर, डाव्या हाताला दरी, मागे ट्रक, आणि फोन खणखणीत आवाजात म्हणाला की तुम्ही पोहोचला आहात.

"कुठे?" आजीने विचारलं.

दादाला हसू आवरेना. वर पठारावर आलो. तिने काच खाली केली. एक पाण्याची टाकी, एक नवीन मंगल कार्यालय, बांधावर अंजिराची झाडं. गाडी चाळीसच्या वेगाने चालली होती. तिने बोट दाखवलं त्या बाजूला मी पाहिलं, पण तोवर ते मागे गेलं होतं. फोनने पुढच्या थांब्याचं अंतर सांगितलं. तिने काच वर केली आणि दादाला म्हणाली, "आता दामट."